घंगाळटेकडी आणि वस्तीतली चिंच

या, इकडून या. पायवाट सोडू नका, कडेला जुन्या खाणींचे खड्डे आहेत. ही घंगाळटेकडी. वर पोचलात की जमिनीत बसवलेलं तांब्याचं एक मोठं हिरवं वर्तुळ दिसेल. नवीन येणारा प्रत्येक जण इथे थांबतो आणि विचारतो, हे काय? देवळाचं जोतं का? बुजवलेली विहीर का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला. वेशीवर आम्ही पाहुण्याच्या हातात कुऱ्हाड देतो, तांब्याचा एक हिरवा ठोकळा तीन वेळा खरवडायला सांगतो, आणि त्याला म्हणतो ‘चिंच लावणं’. चिंचेचं झाड तर या जगात औषधालाही नाही. मग हा शब्द आला कुठून?

मी या वस्तीत आले तेव्हा सगळं घडून गेलेलं होतं. मला अन्वरभाईंनी सांगितलं, तसंच सांगते.

हे जग ठोकळ्यांच्या खेळाचं. मिरजेच्या अन्वर मुजावरांच्या घरी एक संगणक आहे, त्यावर ते चालतं, आणि आपण सगळे आपापल्या घरातून इथे राहायला येतो. डोंगर पोखरायचा, कच्चा धातू काढायचा, भट्टीत वितळवून लगडी करायच्या, नऊ लगडी जोडून एक ठोकळा. बांधाल ते तुमचं. वस्ती वसवली दोघांनी, अन्वरभाई आणि वैजयंतीबाई साळुंखे. बाई आता नाहीत. त्या खऱ्या आजारानं, खऱ्या जगात गेल्या. तळ्याकाठी त्यांचं लाकडी घर आहे. त्या रोज काही ना काही लिहायच्या, त्या वह्या खेळातल्याच, त्या घरात मांडून ठेवलेल्या आहेत. एकशे बारा वह्या. त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

बाई गेल्यानंतरच्या वर्षी, असं सांगतात, एक माणूस वस्तीत आला. नाव लावलं होतं ‘मठार’. कोणाशी बोलला नाही. घर बांधलं नाही. समोरच्या डोंगरात शिरला आणि तांबं खणू लागला. लोखंड लागलं तरी तसंच सोडायचा, सोनं लागलं तरी सोडायचा. लोकांना नवल वाटलं. तांब्याचं इथे कोणी काही करत नसे. तांबं उन्हापावसात हिरवं पडतं, म्हणून लोकांना ते नको असायचं.

शेवटी तनुजा नावाच्या मुलीनं विचारलं. ती वस्तीतली सगळ्यात तोंडाळ. कोल्हापूरला औषधाच्या दुकानात काम करायची.

“एवढ्या तांब्याचं करणार काय?”

उत्तर यायला बराच वेळ लागला. माणूस एकेक अक्षर शोधून टाइप करत होता.

“घंगाळ. आंघोळीच्या पाण्याचं.”

मग हळूहळू कळलं. माणसाचं नाव भालचंद्र, वय सदुसष्ट, जातीनं आणि धंद्यानं तांबट. पन्नास वर्षं तांब्यावर हातोडी चालवली. हातोडीनं भांड्यावर ठोके उमटवतात त्याला मठारकाम म्हणतात, म्हणून ते नाव. ठोक्यांनी कान गेले होते, म्हणून ते माईकवर बोलत नसत. खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी हातोडी बंद केली. पुण्याचे होते म्हणे. कोणी म्हणतं, नाही, भंडाऱ्याचे. आडनाव कोणी विचारलं नाही.

“शेवटची बारा वर्षं नुसत्या पाण्याच्या बाटल्या केल्या,” त्यांनी तनुजाला लिहिलं होतं. “घंगाळ कोणी मागत नाही. घरोघरी गीझर आले. एक मोठं करायचं राहिलंय.”

हेडफोन लावून आवाज पूर्ण मोठा केला की खणण्याचा ठोका त्यांना ऐकू यायचा, असंही त्यांनी एकदा सांगितलं. त्यासाठीच येतो, म्हणाले.

सात महिने लागले. गोल आकार चौकोनी ठोकळ्यांतून काढणं किती अवघड, ते तुम्ही एकदा करून बघा. चारदा पाडून परत बांधलं. पण झालं तेव्हा असं झालं, की सूर्य वर आला की वस्तीतल्या भिंतींवर तांबूस उजेड पडायचा. दोन बाजूंना दोन कड्या होत्या, एकेक कडी घराएवढी. आत पाणी भरलं. लोक कड्यांवरून त्यात उड्या मारायचे. भालचंद्रकाका काठावर उभे राहून बघायचे. पुढे ते हिरवं पडू लागलं तेव्हा तनुजानं विचारलं, घासायचं का? ते म्हणाले, “राहू दे. वापरातलं भांडं आहे.”

त्यानंतर खेळात नवे बदल आले आणि वादळं वाढली. इतकी वीज वस्तीनं कधी पाहिली नव्हती. पहिल्या आठवड्यात तीन घरं जळाली, दुसऱ्या आठवड्यात बाईंच्या घरामागची सगळी झाडं. आग कुंपणापाशी येऊन पावसानं विझली.

तुम्ही म्हणाल, अन्वरभाईंनी मालक म्हणून वीजच बंद करायची. करता आली असती. पण वस्तीचा पहिला नियम वैजयंतीबाईंनीच घातला होता, की जग आहे तसं ठेवायचं, वरून हात घालायचा नाही. त्यांच्याच वह्यांसाठी त्यांचा नियम मोडायचा का, यावर दोन दिवस वाद झाला. काही म्हणाले, वह्या बाहेर काढा, दगडी घरात ठेवा. अन्वरभाई म्हणाले, “ते घरही तिनंच बांधलंय ना.”

उपाय एकच होता, वीजकाठी. छतावर तांब्याच्या काठ्या एकीवर एक चढवून झाडांपेक्षा उंच न्यायच्या, म्हणजे वीज त्यांच्यावर पडते आणि घर वाचतं. आणि तांबं कुठे होतं? डोंगर तर भालचंद्रकाकांनी रिकामे केले होते. जवळपास तांब्याची एक शीरही शिल्लक नव्हती.

तनुजानंच तोंड उघडलं. “काका, तुमचं घंगाळ मोडावं लागेल.”

काका तसेच गेममधून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. लोक तनुजावर चिडले. एक-दोघे काकांवरही चिडले. सगळं तांबं एका माणसानं नेलं, आता पत्ता नाही, असं लिहून गेले. तनुजानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं: “मी विचारलं ते बरोबर विचारलं. ते नाही म्हणाले तर तेही बरोबर.”

चौथ्या दिवशी दुपारी काका आले ते टेकडीवर गेले नाहीत. तळ्याकाठच्या घरात गेले. ते वैजयंतीबाईंना कधी भेटले नव्हते. त्यांनी एक वही उघडली, मग दुसरी. अन्वरभाई दाराशी उभे होते. ते सांगतात, काकांनी अडीच तास वह्या वाचल्या. मग विचारलं, “या बाई स्वयंपाकाचं फार लिहितात. त्यांना पथ्य होतं का?”

“शेवटचं वर्ष नुसती पेज होती,” अन्वरभाई म्हणाले.

काकांनी वही जागेवर ठेवली. मग त्यांनी लिहिलं, “आमच्याकडे जुनं भांडं येतं त्याला मोड म्हणतात. ते वितळवायचं नि नवं करायचं. माझ्या बापानं कैक लोकांच्या आज्यांची भांडी अशी मोडलीत. घंगाळ मोड म्हणून घ्या.”

पण अडचण निघाली. या जगात हिरव्या पडलेल्या ठोकळ्याच्या लगडी होत नाहीत. आधी हिरवा थर काढावा लागतो, कुऱ्हाडीनं, एका ठोकळ्याला तीनदा खरवडून. ठोकळे सहाशेच्या वर, आणि आभाळ भरून आलेलं. काकांनी सगळ्यांना निरोप लिहिला: “ज्याच्याकडे कुऱ्हाड आहे त्यानं यावं. चिंच लावायची आहे.”

कोणाला कळेना. तेव्हा नाशिकच्या एका काकूंनी उलगडा केला. तांब्याची भांडी चिंचेनं घासतात, लहानपणी दिवाळीच्या आधी अख्खा दिवस त्यात जायचा. मग सगळे टेकडीवर चढले. चिडलेले होते तेही चढले. त्या दिवशी एकतीस माणसं घंगाळाला भिडली होती म्हणतात. हिरव्यातून पिवळट, पिवळटातून लाल, असं एकेक ठिकाण उजळत गेलं. काका मधूनमधून लिहायचे, “वरून खाली घ्या. कडेला घाई नको.” तोडायच्या आधी पूर्ण घंगाळ एकदा लख्ख झालं. तेव्हा काकांनी सगळ्यांना थांबवलं. भोवती एक फेरी मारली. मग पहिला ठोकळा त्यांनीच काढला, आणि आतलं पाणी फुटून टेकडीवरून खाली तळ्याकडे धावलं. तळं तेव्हापासून इतकं मोठं आहे.

भट्ट्या पेटल्या, काठ्या झाल्या. पहिलं घर बाईंचं. शेवटची काठी बसवायला काका स्वतः छतावर चढले. खालून तनुजा ओरडत होती, म्हणजे लिहीत होती, की उतरा, आभाळ गडगडतंय. काकांना गडगडाट ऐकू आला नसावा, किंवा आलाही असेल. काठी बसली आणि त्याच क्षणी वीज पडली. सगळ्यांचे स्क्रीन पांढरे झाले.

दिसू लागलं तेव्हा घर उभं होतं. गवताची एक काडी पेटली नव्हती. छतावर काका नव्हते. वीज काठीत उतरली तेव्हा त्यांचा हात काठीलाच होता.

या जगात मेलेला माणूस वेशीवर परत उभा राहतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी सगळे छताकडेच बघत राहिले. मग वेशीकडून अक्षरं आली.

“मी ठीक. घर कसं आहे?”

तनुजानं लिहिलं, “घर आहे, काका.”

पुढच्या दिवसांत प्रत्येक छतावर काठ्या चढल्या, आणि वेशीवर पाहुण्याला चिंच लावायला देण्याची रीत पडली. घंगाळाचं बूड तेवढं काकांनी काढू दिलं नाही. “गोल परत जमायचा नाही,” म्हणाले. टेकडीवर वर्तुळ दिसतं ते हेच. लोकांनी लांबच्या डोंगरांतून तांबं आणून देऊ केलं, पुन्हा बांधा म्हणून विनवलं. त्यांनी नको म्हटलं. ते रोज येत राहिले, पण खणायला नाही. बाईंच्या घरात बसून वाचत. एकशे बारावी वही संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. का, ते कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं डोळे गेले. कोणी म्हणतं खांदा बरा झाला आणि हातोडी परत हातात आली. कोणी म्हणतं ते दुसऱ्या नावानं येतात.

आजही कोणी नवा माणूस गुपचूप येतो आणि कोणाशी न बोलता डोंगर फोडायला लागतो, तेव्हा आमच्यातलं कोणी तरी त्याला लिहितं, “काका, जेवलात का?” बहुतेक जण विचारतात, कोण काका? एक जण चिडून निघून गेला होता. गेल्या महिन्यात मात्र एकानं खणणं थांबवलं आणि सावकाश लिहिलं, “जेवलो. तुम्ही?”

आम्ही त्याला पुढे काही विचारलं नाही.