बुडवलेली होडी

"बुडवायची? बापाची होडी मी माझ्या हातानं बुडवायची?"

भागोजी मेस्त तंबाखू मळत राहिले. साऱ्या खाडीकाठच्या होड्या बांधणारा तो म्हातारा सुतार वाळूत उकिडवा बसला होता.

समोर उभा होता जयदेव केळूसकर. गोदीतला नावाजलेला कारागीर. लोखंडी जहाजांचे तळ जोडलेला. बाप गेल्यावर त्याची लाकडी होडी चार वर्षं माडांखाली उलटी पडली होती. उन्हानं फळ्या आकसल्या, सांध्यांत सुरीचं पातं शिरेल अशा फटी पडल्या. यंदा ती पाण्यात घालतोच, असा शब्द आईला देऊन जयदेव रजेवर आला होता.

आठवडाभर खपून त्यानं फटीफटीत कापूस आणि राळ ठासली. मुंगीला वाट ठेवली नाही. होडी लोटली...

दुसऱ्या सकाळी राळ सांध्यांतून बाहेर ओकलेली, एक फळी खिळ्यांसकट उखडलेली आणि आत गुडघाभर पाणी.

तेव्हा कुठे तो मेस्तांकडे आला. मेस्तांनी फळी ठोकून दिली. त्याची सारी राळ त्याच्याच हातानं खरवडून काढायला लावली. आणि आता म्हणत होते, बुडव.

"काका, आई काय म्हणेल? लोक हसतील मला."

मेस्त उठले. काठावरचा एक धोंडा दोन्ही हातांनी उचलून त्यांनी उथळ पाण्यात लोटलेल्या होडीच्या आत, तळाशी अलगद ठेवला. तान्हं पोर पाळण्यात ठेवावं तसा.

"आणखी वीसेक आण."

जयदेव दातओठ खात धोंडे वाहू लागला. फटींतून पाणी आत येत राहिलं. होडी जड झाली, कलली... मग पुढचं, नाळेचं टोकही दिसेनासं झालं. आपण बापाला दुसऱ्यांदा पोचवून आलो, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो चारदा काठावर जाऊन आला.

"किती दिवस ठेवायची?"

"माका काय म्हायत?"

"मग कुणाला माहीत?"

मेस्तांनी हनुवटीनं पाण्याकडे खूण केली.

चौथ्या दिवशी ओहोटीला मेस्त स्वतःच कमरेभर पाण्यात उतरले. दोघांनी धोंडे काढले, पाणी उपसलं. होडी हळूहळू वर आली आणि डुलू लागली.

जयदेव आत शिरला. गुडघे टेकून तळाशी हात लावून बसला. आता येईल पाणी... आता येईल...

भरती चढली. खाडी काठोकाठ भरली. होडीच्या पोटात एक थेंब आला नाही.

त्यानं सांध्यावरून नख फिरवलं. नख शिरेना. फळीला फळी अशी भिडली होती, जणू एकाच झाडातून कधी वेगळी झालीच नव्हती. नकळत हात जोडले गेले. मेस्तांना की पाण्याला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

तो मेस्तांकडे वळला.

"काका... एवढ्या फटी भरल्या कुणी?"

मेस्तांनी ओल्या लाकडावरून हात फिरवला.

"फटी खंय होत्यो रे? तिका तहान लागलली."