पिटुकलीचं दार कुठं गेलं?

"कुणीतरी माझं दार पळवलं," पिटुकली उंदरीण म्हणाली.

उंच उंच डोंगरात अंगरूपमामांचं मातीचं घर होतं. घराच्या भिंतीत पिटुकलीचं बीळ होतं. चैत्र लागला होता. जर्दाळूच्या झाडाला फुलं आली होती. सकाळी पिटुकली पिल्लासाठी खाऊ आणायला गेली. एक जर्दाळूची बी मिळाली. आणि बर्फ पडायला लागला. भुरुभुरु, भुरुभुरु.

परत येऊन बघते तर दारच नाही. फुलांवर बर्फ, भिंतीवर बर्फ, सगळं पांढरं पांढरं. पिल्लू आत, एकटं आणि भुकेलं.

पिटुकलीनं उकरलं, खुडखुड खुडखुड. वरचा बर्फ पुन्हा खाली, धप्प.

तुरुतुरु, तुरुतुरु. पिटुकली गेली फावड्याकडे.
"फावडेदादा, फावडेदादा, बर्फ काढ. दार दिसेना, पिल्लू आत."
फावडं म्हणालं, "मामांनी उचललं तर हलेन. नाहीतर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. अंगरूपमामा घरात होते, गोधडीत गुरगुटून.
"मामा, मामा, फावडं उचला. फावडं हलेना, दार दिसेना, पिल्लू आत."
मामा म्हणाले, "चहा मिळाला तर उठेन. नाहीतर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. किटली चुलीवर बसली होती.
"किटलीताई, किटलीताई, चहा कर. मामा उठेनात, फावडं हलेना, दार दिसेना, पिल्लू आत."
किटली म्हणाली, "दूध मिळालं तर उकळेन. नाहीतर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. गाय गोठ्यात उभी होती.
"गाईमावशी, गाईमावशी, दूध दे. किटली उकळेना, मामा उठेनात, फावडं हलेना, दार दिसेना, पिल्लू आत."
गाय म्हणाली, "गवत मिळालं तर देईन. नाहीतर नाही."

गवत होतं छपरावर. तिकडची छपरं सपाट असतात, गवत वरच रचून ठेवतात. तुरुतुरु, तुरुतुरु, पिटुकली वर चढली.
"गवतभाऊ, गवतभाऊ, खाली ये. गाय दूध देईना, किटली उकळेना, मामा उठेनात, फावडं हलेना, दार दिसेना, पिल्लू आत."
गवत म्हणालं, "माझ्यावर बर्फ बसलाय. फावडं आलं तर निघेन. नाहीतर नाही."

पुन्हा फावडं?

पिटुकली खाली बसली. फावडं मामांसाठी थांबलंय, मामा चहासाठी, चहा दुधासाठी, गाय गवतासाठी. आणि गवत थांबलंय फावड्यासाठी. सगळेच थांबले, तर हलणार कोण?

"मीच हलते," पिटुकली म्हणाली.

बर्फातून गवताची एक काडी डोकावत होती. पिटुकलीनं ती दातात धरली. ओढली, ओढली, सुर्रकन निघाली. गाईपुढे नेऊन ठेवली.
गाय म्हणाली, "एवढीशीच?"
पिटुकलीनं दुसरी आणली. तिसरी आणली. काड्यांची झाली पेंढी.

गाईनं गवत खाल्लं, कचरकचर. गाईनं दूध दिलं, चुर्रचुर्र. किटली उकळली, खदखद खदखद. मामा चहा प्यायले, भुर्रभुर्र. मामांनी फावडं उचललं, खर्र खर्र. भिंतीजवळचा बर्फ बाजूला झाला.

आणि दार दिसलं. छोटंसं, गोल.

पिल्लू बाहेर आलं. आईच्या कुशीत शिरलं. मग जर्दाळूची बी घेऊन बसलं, कुटुकुटु, कुटुकुटु.

"कुणीतरी आपलं दार पळवलं होतं बरं का," पिटुकली म्हणाली.

पिल्लानं तोंड पुसलं.
"दार तर इथंच होतं, आई. तूच हरवली होतीस."