भुकेचा प्रथम पुरुष

एका डोंगराळ मुलखात एक गाव होते. आल्यागेल्याला जेवू घातल्यावाचून ते पुढे जाऊ देत नसे, आणि या गोष्टीचा त्याला मोठा अभिमान होता. 'भूक लागली असेल ना?' हा प्रश्न तेथे प्रत्येक पांथस्थाच्या कानी पडे. पण 'मला भूक लागली आहे' हे वाक्य कोणी उच्चारीत नसे. एखादे मूल बोलून गेलेच, तर आई हळूच दटावी, "भूक पाहुण्याला लागते. आपण नुसते जेवायला बसतो." व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर त्या गावी भुकेला प्रथम पुरुषच नव्हता.

ही रीत सर्वांत कसोशीने पाळी ती गावची पाटलीण.

एके वर्षी पावसाने पाठ फिरवली. कणग्या रित्या झाल्या, माणसे कंदमुळांवर आली. पाटलिणीच्या सुनेचे दूध आटले, आणि तान्हे नातवंड रडायचेही थांबले. त्याच सुमारास राजाचा कोठारी धान्याच्या गोण्या लादलेले बैल घेऊन गावात आला. मागेल त्या गावाला द्यावे, अशी त्याला आज्ञा होती.

पाटलिणीने सवयीने विचारले, "दमून आलात. भूक लागली असेल ना?" आणि घरातली उरलीसुरली नाचणी दळून त्याला भाकरी वाढली.

हात धुताना कोठारी म्हणाला, "पाटलीणबाई, तुम्ही नाही बसलात?"

शब्द ओठांशी आला आणि तेथेच अडला. "आम्हांला उपास आहे," ती म्हणाली.

"साऱ्या गावाला? धरलाय की काय?"

उपास धरणे निराळे आणि उपास पडणे निराळे. अंतर एका क्रियापदाचे, पण त्यात जीव जातो. पाटलिणीला हे पुरते ठाऊक होते, तरी ती म्हणाली, "धरलाय."

कोठाऱ्याने भाबडेपणाने हात जोडले. "धन्य तुमचं गाव! दुष्काळातही व्रत!" आणि त्याने बैल पुढच्या गावाकडे वळवले.

दारात उभी असलेली सून कधी नव्हे ती चढ्या आवाजात बोलली, "सासूबाई, धरलेला उपास सोडता येतो म्हणतात. मग सोडा की! नाहीतर या लेकराला तरी सांगा, कुठल्या देवाचा आहे तो."

पाटलिणीने नातवंडाकडे पाहिले. पदर खोचून ती धावत सुटली आणि वेशीबाहेर तिने बैलांना आडवे हात केले.

"थांबा, भाऊ! पोरांना..."

"काय झालं पोरांना?"

"गावाला..."

"गावाला तर व्रत आहे ना?"

दुसऱ्या कोणाच्या नावावर ते वाक्य पुरे होईना. पाटलिणीने मान खाली घातली, मग वर केली. "मला भूक लागली आहे."

तोवर मागून लोकही धावत आले होते. मग कोणी म्हणाले, "मलापण." कोणी म्हणाले, "मला तर कधीची!"

कोठारी गोंधळला. "अहो, मग ते व्रत?"

"मोडलं! पाप लागलं तर मला लागू दे. तुम्ही गोण्या उतरवा."

त्या संध्याकाळी सुनेला पोटभर पेज पाजून पाटलीण तिच्याच शेजारी बसली. आपला वाडगा तिने रिता केला, पुढे केला, आणि जन्मात कधी न उच्चारलेला शब्द बोलली, "अजून."

तात्पर्य इतकेच, की जी भूक सांगता येत नाही, ती कोणाला भागवताही येत नाही.