उघड्या हाताची भिंत

हिवरदऱ्याच्या मधल्या आळीत या जागेवर घर नाही, नुसती भिंत उभी आहे. जवळून बघा मंडळी, पण हात लावू नका. पांढऱ्या मातीत बाईचा पंजा उमटलाय, मनगटासकट. मनगटावर बांगडीचा वळ नाही.

ही भिंत सटवाजी शेडग्याच्या घराची, असं सांगतात. सटवाजी आश्विनात तापाने गेला आणि त्याच्या बायकोच्या, गोजराच्या, बांगड्या नदीवर फोडल्या. मूलबाळ नव्हतं. राहतं घर तेवढं तिला उरलं. त्याच्या भिंती तिने स्वतः माती तुडवून चढवलेल्या. त्या काळी घर एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की पारावर गाव बसायचं, कागद व्हायचा आणि ज्याने त्याने त्यावर आपली खूण काढायची. शेतकऱ्याने नांगर, शिंप्याने कात्री, बाईने बांगडी.

पौषात धाकटा दीर हैबती घर रिकामं करायला सांगत दारात आला, म्हणे. वहिनीने राजीखुशीने घर आपल्याला दिलंय, तसा कागद आहे, साक्षी आहेत. गोजराने तो कागद जन्मात पाहिला नव्हता. ती तडक पारावर गेली. गाव जमलं. कारकुनाने पौषातल्या तारखेचा तो कागद वाचला आणि तिची खूण दाखवली. खोटी खूण काढणाऱ्या मेल्याने सवयीने बांगडीच काढून ठेवली होती.

गोजराने पदराखालचे दोन्ही हात पुढे केले. "आश्विनात तुम्हीच फोडल्यात ना? मग पौषात ही बांगडी कुणाच्या हातची?"

सगळ्यांना कळलं. न कळायला काय झालं! नदीवर ज्यांच्या बायका होत्या, तेच साक्षीदार. पण नांगरवाल्याला पेरणीला हैबतीचे बैल लागायचे, कात्रीवाला शिवायला त्याच्याच ओसरीवर बसायचा. शेवटी पाटील म्हणाला, "बाई, आता शाई वाळली."

गोजरा घरी आली. तिने माती भिजवली, दाराशेजारी लिंपली आणि त्यात हात दाबला. मग ती गाव सोडून गेली. कुठे गेली, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मला राग येतो तो याचाच.

हैबतीने पंजा कितीदा लिंपून टाकला. माती वाळली की तो पुन्हा वर यायचा, म्हणे. घर कुणी घेईना. छप्पर गेलं, बाकीच्या भिंती बसल्या, ही तेवढी राहिली.

आजही हिवरदऱ्यात घर विकताना घरातल्या विधवेचा उघडा हात चौकटीशेजारी ओल्या मातीत उमटवून घेतात. त्याशिवाय घेणारा उंबरा ओलांडत नाही. परवाच वरच्या आळीतलं एक घर विकलं गेलं. तानूबाईने पंजा दिला, गावाने त्यावर हळदकुंकू वाहिलं. उताऱ्यावर तिचं नाव कधी नव्हतंच. तिचे लेक जीपमध्ये बसून सह्या करायला तालुक्याला गेले आणि तानूबाई हात धुऊन त्यांच्यासाठी भाकऱ्या थापायला बसली.