गजभिये सरांच्या घरचा पासवर्ड

“...आणि आता ती विचारायलाच येत नाही, भंते. मग मी काय समजायचं?”

भंते विमलबोधी चीवर धूत होते. त्यांनी ओल्या चीवराचं एक टोक गजभिये सरांच्या हातात दिलं.

“धर,” म्हणाले.

सरांनी धरलं. भंते दुसऱ्या टोकाकडून पिळू लागले. पाणी सरांच्या बुटांवर पडलं. त्यांना ते आवडलं नाही.

पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठाला हा लहानसा विहार आहे. गजभिये सर गेली काही वर्षं सकाळी तिथे ध्यानाला येत. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचे विभागप्रमुख. शिवाय दर रविवारी संध्याकाळी ते ऑनलाइन प्रवचन देत. विषय मन. ऐकणारे नागपूरपासून दुबईपर्यंत पसरलेले होते, आणि हे सर अधूनमधून कुणाला ना कुणाला सांगत.

मनावर बोलणाऱ्या या माणसाचं मन महिनाभरापासून ठिकाणावर नव्हतं.

कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. घरच्या वायफायचा पासवर्ड.

मुलगी उत्पला पदवीधर झाली, तेव्हा सरांनी तिच्यासाठी स्पर्धा परीक्षा ठरवून टाकली. पुस्तकं आणली, टेबल आणलं. ती मात्र वरच्या खोलीत मोबाइल समोर धरून बसायची. एकदा सरांनी दाराच्या फटीतून पाहिलं, तर पोरगी मोबाइलकडे बघून नुसते हातवारे करत होती. बोटं नाचवतेय, गाल फुगवतेय. सरांच्या डोक्यात तिडीक गेली. खाली येऊन त्यांनी पासवर्ड बदलला.

थोड्या वेळानं ती खाली आली. “बाबा, पासवर्ड?”

सरांनी सांगितलं, आधी दोन धडे कर, मग ये. ती दोन धडे करून आली. सरांनी पासवर्ड दिला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलला.

मग तो रोजचाच परिपाठ झाला. पासवर्डही अवघड होत गेले. आकडे, चिन्हं, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं. ती तळहातावर पेनानं लिहून न्यायची.

आणि एक दिवस ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी डबा घेऊन गावातल्या अभ्यासिकेत जायची, संध्याकाळी यायची, वर जायची. भांडण नाही, रुसवा नाही. बोलणंच नाही.

सर घरात फेऱ्या मारू लागले. आपल्या वायफायला कोणकोणते मोबाइल जोडलेले आहेत ते त्यांच्या फोनवर दिसत असे. ते उघडून बघायचे. तिचा नसायचा. वर्गात मुलांना गणित सोडवायला देऊन बघायचे. ध्यानाला बसल्यावर मांडीखालून फोन काढून बघायचे. तिचा नसायचाच.

हे सगळं त्यांनी भंतेंना सांगितलं. घरात शिस्त हवी, आणि नव्या काळातली आसक्ती या वायफायच्या डब्यातूनच घरात शिरते, असंही सांगितलं. प्रवचनासारखं सांगितलं.

भंतेंनी चीवर झटकून दोरीवर टाकलं.

“ती विचारायला यायची, तेव्हा तुला काय वाटायचं?”

“शिस्त लागतेय असं...”

भंते चीवराच्या सुरकुत्या काढत राहिले.

“...बरं वाटायचं,” सर म्हणाले.

“रविवारी तुझ्याकडे भोजनाला येतो.”

सर चकित झाले. ते कितीदा भोजनदानाचं आमंत्रण देऊन थकले होते आणि भंतेंनी दर वेळी हसून टाळलं होतं.

रविवारी भंते आले. सरांचं घर गावाबाहेर, कालव्यापलीकडच्या नव्या ले-आउटमध्ये. तिथे मोबाइलची रेंज नावापुरतीच. पंचशीलाबाईंनी पहाटेपासून स्वयंपाक केला होता. लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, तांदळाची खीर. उत्पला वाढत होती.

भंतेंनी मान खाली घालून जेवण केलं, पण कान उघडे होते.

“आई, बाबांना विचार भात हवा का,” उत्पला म्हणाली. बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

“तिला सांग, नको,” सर म्हणाले.

पंचशीलाबाई कुणालाच काही न विचारता भात वाढून मोकळ्या झाल्या.

जेवण झालं, आशीर्वचन झालं. मग भंतेंनी भिंतीवरच्या राउटरकडे बोट दाखवलं. तोच का तो, असं विचारलं. सर खुलले. लहरी कशा जातात, भिंत आडवी आली तर काय होतं, सगळं समजावलं. भंते विद्यार्थ्यासारखे ऐकत होते.

“आणि याचा तो शब्द बदलतात कसा?”

सरांनी लॅपटॉप उघडला. राउटरचं पान आणलं, मुख्य किल्ली घालून आत शिरले, पासवर्डच्या रकान्यावर बोट ठेवलं. इथला जुना पुसायचा, नवा लिहायचा, झालं.

“पोरीच्या हातात दे.”

“काय?”

“लॅपटॉप. आणि तू तिकडे तोंड कर.”

सरांना वाटलं भंते थट्टा करताहेत. पण भंतेंचा चेहरा तसा नव्हता. सरांनी लॅपटॉप उत्पलाकडे सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं. समोर त्यांच्याच सत्काराची मानपत्रं टांगलेली होती. ती वाचत ते शिक्षा झालेल्या पोरासारखे उभे राहिले.

उत्पलानं हळूच विचारलं, कोणता शब्द लिहू. भंते म्हणाले, तुला वाटेल तो लिही, मला सांगू नकोस.

मागे बटणं वाजली. थांबली. पुन्हा वाजली.

राउटरचे दिवे विझले, मग एकेक करून लागले. सरांच्या खिशातला फोन थरथरला. घरातल्या वायफायनं त्यांना बाहेर काढलं होतं.

“आईला सांग,” भंते उत्पलाला म्हणाले. “वडलांनाही सांग. पण त्यांनी तुझ्याकडे येऊन विचारलं तरच.”

पंचशीलाबाईंनी हो म्हटलं, आणि भंते चालू लागले.

सरांनी दुपारभर कळ काढली. म्हणजे काढायचा प्रयत्न केला. वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. अंगणात गेले, आत आले. फोनकडे हात जायचा, आणि फोनवर काहीच नसायचं. संध्याकाळी सातला प्रवचन होतं. आजचा विषय त्यांनी आधीच जाहीर केला होता, धरून ठेवणं आणि सोडणं.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पंचशीलाबाईंना सहज विचारावं तसं विचारलं.

“मला विचारू नका,” त्या भांडी विसळत म्हणाल्या. “मी भंतेजींसमोर हो म्हटलंय.”

“अगं पण प्रवचन आहे...”

“मग वर जा न. जिना काय दुसऱ्याच्या घरी आहे?”

सर वर गेले नाहीत. विभागप्रमुखाला दुसरा मार्ग ठाऊक होता. राउटरच्या मागे बारीक छिद्र असतं. त्यात पिन घालून दाबून धरली की राउटर सगळं विसरतो, कुणाचाही शब्द असो. मग नव्यानं मांडणी करायची. त्यांच्या हातचा मळ.

त्यांनी सेफ्टी पिन शोधली. खुर्ची ओढून तिच्यावर चढले. राउटर उलटा केला. पिनचं टोक छिद्रात घातलं.

तेवढ्यात वरून हसणं ऐकू आलं.

बोलणं नव्हतं. नुसतं हसणं, मोकळं, मधेच श्वास घेऊन पुन्हा. उत्पला कुणाशी तरी मोबाइलवर होती. सरांनी कान दिला. या घरात हे हसणं शेवटचं कधी ऐकलं ते त्यांना आठवेना.

अंगठा पिनवर तसाच राहिला. आता दाबलं, तर ते मधेच तुटणार होतं.

खुर्चीवर उभं राहून त्यांचे पाय भरून आले. मग त्यांनी पिन काढली, शर्टाला लावली आणि खाली उतरले. चांगलं काही केलं असं त्यांना वाटलं नाही. उलट स्वतःचाच राग आला.

सातला ते गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीपाशी थोडी रेंज येत होती. टाकीला टेकून, फोन डोक्याएवढा उंच धरून त्यांनी सुरुवात केली. सज्जनहो, आपण जे धरून ठेवतो...

समोर अक्षरं उमटली. सर, आवाज तुटतोय. सर, चित्र अडकलंय. सर, काय धरून ठेवतो म्हणालात?

सरांनी हात बदलला. टाकीच्या दुसऱ्या बाजूला गेले. पुन्हा वाक्य सुरू केलं, ते पुन्हा तुटलं. शेवटी ऐकणाऱ्यांना त्यांनी जेमतेम कळवलं की जरा थांबा, आलोच.

गच्चीवरून खाली यायचा जिना उत्पलाच्या दारावरून जातो.

सर त्या दाराशी उभे राहिले. आत जाऊन काय म्हणायचं ते त्यांनी मनात जुळवलं. पासवर्ड सांग, एवढं पुरे होतं. सोपं वाक्य होतं. ते तिनं कितीदा म्हटलं असेल...

त्यांनी दार वाजवलं.

“कोण?”

“मी.”

मग कडी निघाली.

खोली त्यांना ओळखू येईना. पलंग खिडकीजवळ सरकवला होता. त्यांनी आणलेलं टेबल कोपऱ्यात होतं, पुस्तकं नीट रचलेली. आणि जमिनीवर बॅग उघडी पडली होती. अर्धी भरलेली.

सर बॅगेपाशी वाकले.

“कुठे निघालीस?”

उत्पलानं सांगितलं. नाशिकला ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा होती. तिथे तिला वसतिगृहात मदतनीस म्हणून घेतलं होतं, पुढचं शिक्षण तिथूनच करता येणार होतं. हातांची भाषा ती वर्षभरापासून मोबाइलवर शिकत होती. तिकडच्या एका मुलीशी रोज हातांनीच बोलून सराव करत होती, अलीकडे अभ्यासिकेतून. दुपारी तिच्याशीच चाललं होतं.

सर पलंगाच्या कडेवर बसले.

“आम्हाला कधी सांगणार होतीस?”

“आईला माहीत आहे.”

“आणि मला?”

“सांगायला आले होते, बाबा. दोनदा.” ती बॅगेतला टॉवेल काढून पुन्हा घडी घालू लागली. “तुम्ही पासवर्ड सांगितलात. वर बघितलंच नाही.”

...

सरांच्या हातातला फोन सारखा थरथरत होता. गच्चीवरची ती चिमूटभर रेंज अजून येत असावी. सर, आम्ही थांबलोय. सर, आहात ना?

त्यांनी फोन पालथा ठेवला.

मग त्यांनी विचारलं, मुलं केवढी आहेत. ती म्हणाली, सगळ्या वयाची. त्यांनी विचारलं, रात्री मुलं घाबरली तर हाक कशी मारतात. ती थांबली. हे अजून कुणी विचारलं नव्हतं, म्हणाली. मग दिवा कसा लावून ठेवतात, पलंगाला पलंग कसा चिकटवतात ते सांगू लागली. सांगता सांगता तिचे हात हलू लागले, दाराच्या फटीतून दिसलेल्या त्याच हातवाऱ्यांसारखे. सर बघत राहिले. एक खूण त्यांनी करून पाहिली. चुकली. तिनं त्यांचं मधलं बोट धरून सरळ केलं.

खालून पंचशीलाबाईंनी जेवायला हाक मारली, तेव्हा बाहेर पुरता अंधार झाला होता.

ताटावर बसल्यावर सरांच्या लक्षात आलं, पासवर्ड विचारायचा राहिला.

रात्री झोप लागली नाही. सोमवारी कॉलेजला जायच्या आधी त्यांनी गाडी विहाराकडे वळवली. भंते पायरीवर बसून नदीकडे बघत होते. सरांनी वंदन केलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. या वेळी ते प्रवचनासारखं झालं नाही. वाक्यं मागेपुढे होत होती.

“भंते, आधी बरं होतं. ती बोलत नव्हती एवढंच होतं. आता ती जाणार आहे. आधी फोन बघायचो, आता रात्रभर बॅग दिसते.”

भंतेंनी बाजूची जागा हातानं झटकली. सर बसले.

“शब्द कोणता निघाला?”

“विचारायचाच राहिला.” सर ओशाळून हसले. “आज संध्याकाळी विचारतो. नक्की विचारतो.”

“कधी निघते पोरगी?”

“पौर्णिमा झाली की. मी सोडायला येतो म्हणालो. नको म्हणाली.”

नदीतून एक डोंगा हळूहळू पलीकडे चालला होता. भंते तो काठाला लागेपर्यंत बघत राहिले.

“...मग आज विचारू नकोस,” ते म्हणाले. “ती तिथे पोचली की फोन करून विचार.”