रंगनाथ कासाराचा ग्रंथ

आडगव्हाणच्या ओढ्यापलीकडे तीन चिंचांच्या सावलीत तुळसीनाथ महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, सारवलेला ओटा आणि एक चौरंग. महाराज उपदेश फार करत नसत. कुणी अंगारा मागायला आला तर देत आणि देतादेता विचारत, "डॉक्टरला दाखवलं का? आधी तिकडं जा, अंगारा कुठं पळून जात नाही." यामुळे काही मंडळी हिरमुसून परत जात. त्यांना वाटे, हे कसले महाराज! ज्यांनी त्या आषाढातल्या एकादशीचा प्रसंग डोळ्यांनी पाहिला, त्यांना मात्र पुन्हा तसं कधी वाटलं नाही.

त्या गावात रंगनाथ कासार राहत असे. तीस-पस्तीस वर्षे त्याने गावातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या झाडून साऱ्या बायकांना बांगड्या भरल्या होत्या. मान खाली, नजर मनगटावर, तोंडाने तुळसीनाथांचं नाव. रंगनाथचा हात म्हणजे भावाचा हात, असं बाया म्हणत आणि तीच त्याची सगळी कमाई होती. साठी उलटली आणि त्याला लघवीचा त्रास सुरू झाला. शहरातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, समोर बसवलं आणि समजावून सांगितलं, "पौरुष ग्रंथीचा कर्करोग आहे."

रंगनाथला कर्करोगाची भीती वाटली, पण त्याहून त्या पहिल्या शब्दाने त्याचे कान तापले. जन्मभर परक्या बायकांचे हात हातात धरले ते कशाच्या जोरावर? आपल्याकडे कुणी तसं बघत नाही, या एका विश्वासावर. आता हा आजार कुणाला कोणत्या तोंडाने सांगायचा? गयाबाईला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, त्याने सांगितलं, "पोटात गाठ आहे." गावाला तर तेवढंही सांगितलं नाही.

ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. पुढचं सलाईनमधून द्यायचं औषध मात्र बाहेरून आणावं लागणार होतं आणि ते भलतंच महाग. सहा डोसांपैकी दोन होता होता गयाबाईच्या पाटल्या गेल्या आणि घरातलं विकण्यासारखं सगळं संपलं. तिसरा डोस सोमवारी होता. "मधेच थांबलात तर आजार पुन्हा उचल खाईल," असं डॉक्टर बजावून म्हणाले होते.

"मठाचा सेवानिधी आहे, त्यात अर्ज टाका," गयाबाई म्हणाली. "महाराज नाही म्हणायचे नाहीत."

रंगनाथला ते नको होतं, कारण सेवानिधीची रीत त्याला ठाऊक होती. एकादशीला भजन झालं, की सगळ्या गावासमोर एकेक अर्ज मोठ्याने वाचला जाई आणि मग महाराज मान हलवत. वाचायचे ते टोणपे गुरुजी. केशवराव टोणपे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि मठाचे चिटणीस. त्यांचं वाचन फार शुद्ध होतं. त्याचा त्यांना अभिमानही तेवढाच होता आणि दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

रंगनाथने दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन काढले. 'कर्करोग' लिहिलं आणि खोडलं. 'पौरुष' तर त्याच्या हातून उमटेचना. शेवटी त्याने कसंबसं एकच वाक्य लिहिलं, 'माझ्या ग्रंथीसाठी मदत मिळावी ही विनंती.' हात इतका कापत होता, की ग्रंथीच्या वेलांटीचा वरचा टोप कागदावर उमटलाच नाही. नुसती उभी काठी राहिली. ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

एकादशीच्या दुपारी शेड माणसांनी भरून गेली. रंगनाथ मागे खांबाला टेकून बसला होता. दवाखान्याची फाइल त्याने बांगड्या गुंडाळायच्या लाल फडक्यात बांधून मांडीवर घेतली होती, म्हणजे वरचं दवाखान्याचं नाव कुणाला दिसू नये. दोन-तीन अर्ज झाले आणि गुरुजींनी चष्मा नीट केला.

"अर्जदार रंगनाथ कासार. 'माझ्या ग्रंथासाठी मदत मिळावी ही विनंती.'" गुरुजी थांबले. त्यांच्या ओठांवर हसू पसरलं. "ग्रंथ? रंगनाथा, तू ग्रंथ लिहिलास? अरे, चौथीत तुला जोडाक्षर येत नव्हतं म्हणून मी तासभर अंगठे धरून उभं केलं होतं! कोणता रे ग्रंथ? बांगडीपुराण?"

शेडमध्ये हशा पिकला. रंगनाथला चूक कळली. ती सुधारायला एकच शब्द पुरे होता, पण तो इथे उच्चारायचा कसा? पुढच्या रांगेतल्या बायका मान वळवून त्याच्याकडेच बघत होत्या.

"होय," तो पुटपुटला. "ग्रंथच आहे."

खोटं! आणि तेही महाराजांच्या पुढ्यात! बोलून गेला आणि त्याच क्षणी त्याला वाटलं, यापेक्षा मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती त्याला जास्त लागली. "ग्रंथ सोबत आणलेला दिसतोय," लाल फडक्याकडे बोट दाखवत महाराज म्हणाले. "आणा इकडं. चौरंगावर ठेवा."

रंगनाथ माणसांतून वाट काढत पुढे आला. त्याने फाइल चौरंगावर ठेवली. महाराजांनी स्वतः उठून तिच्यावर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, वाचा."

गुरुजींनी गाठ सोडली आणि दोन्ही हात हवेत उडवले. "महाराज, हे तर दवाखान्याचे कागद आहेत! या माणसानं तुमच्यासमोर धडधडीत थाप मारली!"

"अक्षरं आहेत ना? मग वाचा. तुमच्याइतकं शुद्ध कोण वाचणार?"

गुरुजींनी पोथीच्या सुरात वाचायला घेतलं. नाव, गाव, वय. मग आजाराच्या ओळीवर आले आणि क्षणभर थबकून खणखणीत आवाजात म्हणाले, "पौरुष ग्रंथी! ऐकलंत का मंडळी, ही कुठली ग्रंथी? बायकांचे हात धरून धरून बिघडली वाटतं!"

पुरुषांच्या बाजूला चार-दोन जण खिदळले. बायकांनी पदर तोंडाला लावले. रंगनाथला पायाखालची जमीन दुभंगावी असं झालं. गयाबाई कुठे बसली आहे हे त्याला ठाऊक होतं, पण तिकडे बघायची त्याची छाती झाली नाही. हे देवा, याच्यासाठी का मी इतकी वर्षं नजर खाली ठेवली?

"पुढं वाचा," महाराज म्हणाले. आवाज तसाच, शांत.

गुरुजींनी पान उलटलं. आणि भक्तहो, तिथून पुढे जे घडलं ते माणसाच्या हातचं नव्हतं. गुरुजींचा पोथीचा सूर एकाएकी तुटला. ते हळू, बसक्या आवाजात वाचू लागले, "झोपेतून पाच वेळा उठावं लागतं. उभं राहिलं तरी लघवी सुटत नाही. मागच्या महिन्यात दोनदा रक्त गेलं. बायकोला सांगितलं नाही. डाग पडलेलं धोतर पहाटे स्वतः धुतो, कुणी बघू नये म्हणून. तपासणीची चिठ्ठी चार महिने कपाटात दडवली आहे. फार भीती वाटते."

रंगनाथने मान वर केली. त्या फाइलीतला कागद न् कागद त्याला पाठ होता. यातलं एक अक्षरही तिच्यात नव्हतं! कुठला डॉक्टर धोतराचं लिहील? त्याने गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळ घामाने डबडबलेलं, डोळे पानाला खिळलेले, ओठ थांबवू म्हटलं तरी थांबत नव्हते. गुरुजी स्वतःलाच वाचत होते!

"आँ?" पुढे बसलेला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला. "रंगनाथनं कधी धोतर नेसलंय? तो तर पायजम्यातला माणूस. मग हे कुणाचं?"

कुजबुज सुरू झाली. माना इकडेतिकडे वळू लागल्या. त्या शेडमध्ये पांढरंशुभ्र, इस्त्रीचं धोतर एकाच माणसाचं होतं. गुरुजींच्या चेहऱ्यावर आता जी लाज उतरली होती, ती रंगनाथच्या चांगली ओळखीची होती. गेले सहा महिने तो तिच्यासोबतच उठत-बसत होता. ती दुसऱ्या कुणाच्या तोंडावर बघणं त्याला सोसवेना.

तो एकदम पुढे झाला. "माझं आहे ते," तो म्हणाला. आवाज चिरकला तसा त्याने तो आणखी मोठा केला. "नेसतो मी घरात धोतर, तुम्हाला काय ठाऊक? मला कॅन्सर झालाय. लघवीच्या जागी. रक्त पडतं, कपडे खराब होतात आणि मी ते सगळ्यांपासून लपवलं. गयाबाईपासूनसुद्धा. सोमवारी औषध आहे आणि त्याला पैसे नाहीत. ते मागायची लाज वाटली म्हणून अर्जात नीट लिहिलं नाही. बस, एवढंच आहे."

धोतराचं खोटं होतं. त्या दिवसातलं त्याचं ते दुसरं खोटं. पण महाराजांनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की जवळच्यांनी आपसूक हात जोडले.

कुणी हसलं नाही. बायकांतून बनूआत्या उठली. ऐंशीच्या घरातली बाई, काठी टेकत चौरंगापाशी आली.

"माझ्या लग्नाचा चुडा तुझ्या बापानं भरला," ती म्हणाली. "माझ्या सुनांचा तू भरलास. बाळंतपणातली हातं धरलीस, नवरा मेल्यावर बांगड्या हळूच उतरवल्यास. आमची सगळी सुखदुःखं तुला ठावं, आणि तुझं एवढं दुखणं आम्हाला सांगायची लाज वाटली व्हय रं मुडद्या?"

आडगव्हाणात वाचलेल्या ग्रंथापुढून काही न वाहता कुणी उठत नसे. बनूआत्याने कनवटीची नोट काढून फाइलीवर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मागोमाग बायका उठल्या, मग पुरुष. मघाशी खिदळलेले चौघे खाली माना घालून आले. नोटांखाली फाइल दिसेनाशी झाली. महाराज म्हणाले, "उरलेल्या डोसांना जे कमी पडेल ते निधीतून द्या." गयाबाई मात्र पैशांकडे बघतही नव्हती. ती नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि भर गावात तिने त्याचा हात धरला.

गुरुजी अजून तिथेच होते, हातातलं पान छातीशी दाबून. रंगनाथने ते हळूच सोडवून घेतलं. पानावर रक्ततपासणीचे इंग्रजी आकडे होते, दुसरं काहीच नव्हतं. गुरुजींनीही ते पाहिलं आणि त्यांचा सगळा ताठा गळून गेला. ते महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, तोच महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझे कशाला?" महाराज म्हणाले. "तुमची अब्रू मी नाही झाकली, गुरुजी."

तेव्हा ज्यांनी एकेकाळी रंगनाथला अंगठे धरायला लावले होते, ते टोणपे गुरुजी साऱ्या गावासमोर त्याच्या पायांशी वाकले. "अहो, अहो, हे काय!" म्हणत रंगनाथ शरमेने मागे सरला, पण त्यांनी पाय सोडले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते. ते काहीतरी पुटपुटले. ते कुणाला ऐकू गेलं नाही, रंगनाथला तेवढं गेलं, "रंगनाथा, मला एकट्याला जायची भीती वाटते रे."

रंगनाथ त्यांच्याजवळ खाली बसला आणि त्यांच्या कानाशी म्हणाला, "सोमवारी सहाची एस.टी. आहे, गुरुजी. तुमची जागा मी धरून ठेवतो."