पिंगटची सैल गाठ

फार मागं, विहिरीवरच्या बाभळीला सुगरण पक्ष्यांचे खोपे लोंबायचे, तेव्हाची गोष्ट. नरानं अर्धा खोपा विणायचा, मादीनं ओढून पाहायचा. टिकला तरच संसार.

पिंगट नवशिका. त्याच्या गाठी सुटायच्या. शेजारचा भागोजीकाका चरायला गेला, तेव्हा पिंगटनं त्याच्या खोप्याचा फांदीभोवतीचा वरचा वेढाच गाठीसकट पळवला आणि आपल्या खोप्याला लावला. काकाचा खोपा विहिरीत पडला.

पिंगटचा खोपा पारखायला सोनकी नावाची मादी आली. चोखंदळ गिऱ्हाईक लुगड्याचा काठ ओढतं, तसा तिनं वेढा ओढला. पक्का!

"अगं बाई! ही गाठ कशी सुचली रे तुला?"

समोरच काका पहिल्या काडीपासून नवा खोपा विणत होता.

"सांग की बाबा," काका म्हणाला. "मला तर सुचायला तीन पावसाळे लागले."

पिंगटची मान खाली गेली. "ती काकांची आहे. माझी ही खालची."

सोनकीनं ती ओढली. "सुटली की!"

"पहिला फेरा सैल राहतो माझा," पिंगट पुटपुटला. हे त्याला आत्ताच, बोलता बोलता कळलं होतं.

सोनकी उडून गेली. पिंगटनं वेढा काकापुढं नेऊन ठेवला. वर न बघता काका म्हणाला, "मग आवळ की तो फेरा."